सल्ल्यासोबत कारणही सांगावे

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. हातमोजे घालावेत, तोंड झाकावे, ही सूचना तेव्हाही नवी नव्हती. साधने सर्वांना मिळत नाहीत आणि दमट उन्हात अंगभर कपडे नकोसे होतात, हे खरे. परंतु कारण न सांगता दिलेली आज्ञा अडचण येताच सोडून दिली जाते, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून ग्रामकार्यकर्त्याने प्रत्येक सूचनेमागील कारण सांगावे. अनेक कीटकनाशके कातडीतूनही शरीरात शिरतात. म्हणून नाकातोंडाला फडके बांधून भागत नाही, भिजलेले कपडे ताबडतोब बदलून अंग साबणाने धुवावे लागते. पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली की तुषार अंगावर पडतात, वाऱ्याविरुद्ध फवारल्यास अधिकच पडतात. डब्यावरील लाल त्रिकोण ही अतितीव्र विषाची खूण होय. विषबाधा झाल्यास डब्यावरील चिठ्ठी दवाखान्यात न्यावी, कारण उपचार विषाच्या प्रकारावर ठरतो.

ही कारणे शेतमालकापाशीच थांबू नयेत. पंप पाठीवर घेणाऱ्या मजुरापर्यंत ती पोचली पाहिजेत. शेतकऱ्याने ‘असे का?’ म्हणून अवश्य विचारावे. कार्यकर्त्यास उत्तर ठाऊक नसेल, तर त्याने तसे सांगून तज्ज्ञाकडून माहिती आणून द्यावी. त्यात कमीपणा नाही.