पसायदान आणि आमचा बांध

काल आमच्याकडे एका सभेत तासभर एकमेकांना 'बघून घेतो'ची भाषा झाली आणि शेवटी सगळे हात जोडून पसायदानाला उभे राहिले. बातमी लिहिताना हसूही आलं नाही.

मलाही पसायदान आधी भेटलं ते कॅसेटमधूनच. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांची चाल, सप्ताहाच्या भोंग्यावर पहाटे पहाटे. मग शाळेत, मग समारंभात. पाठ झालं आणि ऐकू येणं बंद झालं. नेवासा आपल्याच जिल्ह्यातलं. शके १२१२ मध्ये तिथं ज्ञानेश्वरी सांगून झाली, तिच्या शेवटाकडच्या या नऊ ओव्या. हे परीक्षेपुरतं माहीत.

मग चुलत्यांचा दहावा आला. बांधावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं, कोर्टात केस. प्रवचन संपलं, कुणीतरी पसायदान धरलं आणि पहिल्यांदा शब्द कानात शिरले. दुष्टांचा नाश होवो, असं माउली म्हणतच नाहीत हो! त्यांचा वाकडेपणा तेवढा जावो, म्हणतात. संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं, त्यांनी हे मागावं? आणि मी अकरा वर्षं नानांना दुष्ट ठरवून बसलेलो. नानाही मला तेच समजत असणार. बांध केवढा? हातभर.

कालच्या वक्त्यांना एकच सांगणं : पसायदान शेवटी नको, सुरुवातीला घ्या. मग माईक हातात धरा.

चुलतभावाला फोन केलाय. तारखेच्या आधी बांधावर येतो म्हणाला.