अप, डाऊन आणि अपडाऊन
इंग्रजीतल्या ‘अप’चा साधा अर्थ वर, रेल्वेत मात्र त्याचा चढाशी काही संबंध नाही. मुख्यालयाकडे किंवा मोठ्या टर्मिनसकडे जाणारी दिशा सहसा अप, उलटी डाऊन, अपवादही आहेतच. प्रवाशाचे त्यावाचून अडत नाही, कारण गाडीची दिशा क्रमांकावरून कळते: 11040 महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून कोल्हापूरला निघते, 11039 तिकडून येते. बोलीने मात्र दोन्ही शब्द जोडून तिसराच अर्थ काढला. तिरोडा, तुमसर किंवा थेट नागपूरहून सकाळी डबा घेऊन गोंदियाला येणारा आणि संध्याकाळच्या गाडीने परतणारा शिक्षक वा कारकून ‘अपडाऊन करतो’. मग तो एसटीने आला काय नि मोटारसायकलने आला काय, शब्द तोच. कर्मचारी मुख्यालयी राहत नाहीत, या नेहमीच्या तक्रारीतही हाच शब्द येतो. अप म्हणजे मुख्यालयाकडे, हे रेल्वेचे गणित इथे भलतेच गमतीचे ठरते. बाकी ‘अप’ दुसऱ्या शब्दांच्या शेपटीला लागून आला आणि दिशा पार विसरला. चेकअप, मेकअप, बॅकअप यांत वर काहीच जात नाही. धानाची पोती वाहणारी छोटी मालवाहू गाडी म्हणजे पिकअप, आणि जुनी दुचाकी जोर धरेना की तिला ‘पिकअप नाही’.