एका रीडिंगवर निकाल नको!

कट्टा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेसबाहेरची सिमेंटची बैठक येते. सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा जी कधी रिकामी नसते, तीच. पण पेपरात अधूनमधून दिसणारा 'गावठी कट्टा' वेगळा. 'सापळा रचून एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त', एवढी चार ओळींची बातमी वाचून आपण क्रिकेटच्या पानाकडे वळतो. पुढे त्या कट्ट्याचं काय होतं, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांना तरी तो पडायला हवा. कारण पुढे न्यायसहायक प्रयोगशाळेत त्याचं चक्क प्रॅक्टिकल होतं आणि त्या प्रॅक्टिकलच्या रिझल्टचं वजन एखाद्या माणसाच्या आयुष्यावर पडतं.

आधी ही वस्तू काय असते ते पाहू. आपल्या भागात पकडल्या जाणाऱ्या अनेक गावठी शस्त्रांचा माग सातपुड्यातल्या उमर्टीपर्यंत जातो. चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं हे गाव. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी मध्य प्रदेश पोलिसांना सोबत घेऊन तिथे छापा घातला आणि शस्त्रं बनवण्याच्या भट्ट्या मोडून टाकल्या. कट्ट्याची नळी म्हणजे बहुतेक वेळा मिळेल तो पाइप किंवा गाडीचा स्टीअरिंग रॉड. कानस, ड्रिल आणि अंदाज, एवढ्यावर काम. काडतूस मात्र पुष्कळदा कारखान्यातलं असतं. कितीतरी खटल्यांच्या कागदपत्रांत काडतुसाच्या बुडावर '८ एमएम केएफ' असा शिक्का असल्याची नोंद सापडते. केएफ म्हणजे खडकीचा कारखाना. थोडक्यात, काडतूस प्रमाणित आणि ते झेलणारी नळी रामभरोसे!

आता जरा स्ट्रेंथ ऑफ मटेरियलची वही काढा. पिस्तुलाच्या ७.६५ मिमी काडतुसासाठी युरोपातल्या प्रमाणानुसार जास्तीत जास्त दाब १६०० बार धरतात. आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे संच आहेत. अशा संचाच्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब साधारण दीडशे बारच्या आसपास असतो. म्हणजे आपल्या चिमण्यांखाली जो दाब आहे त्याच्या दहापट दाब, क्षणभरच का होईना, बोटाएवढ्या नळीत! नळीची आतली त्रिज्या ४ मिमी आणि भिंत २ मिमी धरून लामेचं समीकरण मांडलं, तर आतल्या पृष्ठभागावर ४१६ मेगापास्कल ताण येतो. साध्या माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंथ २५० च्या आसपास. भिंत ६ मिमी केली तर ताण २२१ वर येतो, म्हणजे कशीबशी पास. त्यात गंज, तडा आणि कच्चं वेल्डिंग धरलेलंच नाही.

बॉयलरला निरीक्षकाचं सर्टिफिकेट लागतं. कारखान्यात बनलेली बंदूक विक्रीला जाण्याआधी जादा दाबाचं काडतूस उडवून तपासली जाते. कट्ट्याची पहिली प्रेशर टेस्ट मात्र कुणाच्या तरी हातातच होते. पोलिसांनी पकडला तर पुढची टेस्ट प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाच्या वाट्याला येते.

तिथे काम कसं चालतं? सील तपासायचं, फोटो काढायचे, नळीत काडतूस अडकलेलं नाही ना ते बघायचं. आधी गोळी झाडली होती का, हे कळण्यासाठी नळीतल्या काजळीचा नमुना घ्यायचा. मग मोजमापं. हत्यार धड वाटलं नाही तर ते हातात धरून झाडत नाहीत. शिकंजात पक्कं करून, आडोशामागून दोरीने चाप ओढतात. त्याचीही खात्री नसेल तर काडतुसातली गोळी आणि दारू काढून नुसती टोपी वाजवतात, म्हणजे पिनेचा ठसा तरी मिळतो. झाडलेली गोळी पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत अडवतात. मग ही गोळी आणि गुन्ह्याच्या जागी मिळालेली गोळी तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवतात आणि रेघांशी रेघा जुळतात का ते पाहतात.

खरी गोम इथेच आहे. चांगल्या पिस्तुलाच्या नळीत आटे असतात. गोळी त्यात घट्ट बसून फिरत जाते आणि दर वेळी जवळपास तेच ओरखडे घेऊन बाहेर पडते. कट्ट्याची नळी बहुधा गुळगुळीत आणि गोळीपेक्षा सैल. गोळी आत हेलकावे खात जाते, ओरखडे आज इथे तर उद्या तिथे. त्यात नळी गंजलेली असेल तर पहिलीच गोळी थोडा गंज खरवडून नेते, आणि दुसऱ्या गोळीला भेटते ती वेगळीच नळी! उलट पुंगळीच्या बुडावर उमटणारा पिनेचा आणि कानशीच्या घावांचा ठसा अगदी त्या एकाच हत्याराचा असू शकतो, कारण हाताने घासलेले दोन तुकडे कधी सारखे होत नाहीत. म्हणजे स्वस्त हत्यार ओळखायला एका बाजूने सोपं आणि दुसऱ्या बाजूने फार अवघड. आपल्या भाषेत सांगायचं तर युनिकनेस भरपूर, रिपीटेबिलिटीची बोंब.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. अशा हत्याराबद्दल अहवालात नुसतं 'जुळते' किंवा 'जुळत नाही' असं लिहून भागणार नाही. किती गोळ्या झाडल्या, त्यांपैकी किती आपापसात जुळल्या, झाडण्याआधी स्प्रिंग किंवा पिन बदलली का, सूक्ष्मदर्शकातले फोटो कुठे आहेत, हे सगळं अहवालातच असलं पाहिजे. कायद्याने सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. बोलणारा माणूस समोर नसेल, तर कागदाने तरी पूर्ण बोलायला नको का?

हा काथ्याकूट वाटत असेल तर पुण्याकडे बघा. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या झाडून खून झाला. दुसऱ्या एका प्रकरणात पकडलेल्या दोघांकडचं पिस्तूल या गुन्ह्यातल्या गोळ्यांशी जुळतं, असा कलिना प्रयोगशाळेचा अहवाल असल्याचं तपास यंत्रणेकडून सांगण्यात आलं. जानेवारी २०१४ मध्ये त्या दोघांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. मुदतीत आरोपपत्र दाखल झालं नाही आणि एप्रिलमध्ये ते जामिनावर सुटले. पुढे तपास सीबीआयकडे गेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे आणि ऑगस्ट २०१५ मध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गी यांचे खून झाले, तेही ७.६५ मिमीच्याच गोळ्यांनी. कोणत्या खुनात कोणतं पिस्तूल होतं, यावर कलिना आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळांची मतं जुळेनात. २०१६ मध्ये सीबीआयने लंडनच्या स्कॉटलंड यार्डचं मत घेण्याचं ठरवलं. ते काही मिळालं नाही आणि शेवटी काम गुजरातच्या प्रयोगशाळेकडे गेलं. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. खटल्याला उभ्या राहिलेल्या या पाच जणांत २०१४ चे ते दोघे नव्हतेच. शिक्षेला मुख्य आधार होता तो प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांचा.

कुणी मुद्दाम खोटं केलं, असं मी म्हणत नाही. म्हणायचं एवढंच, की मतभेद झाला तेव्हा तो कशामुळे झाला हे बाहेरच्या माणसाला तपासता येईल असं काही हाताशी नव्हतं. एका घराने दहा वर्षं न्यायाची वाट पाहिली, त्यातली काही वर्षं या घोळातही गेली.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये या शास्त्राचा आढावा घेतला. नीट आखलेला अभ्यास त्यांना एकच सापडला आणि त्यात चुकून 'जुळते' म्हणण्याचं प्रमाण साधारण ६६ मध्ये १ निघालं. तो अभ्यास कारखान्यातल्या कोऱ्या, एकाच मॉडेलच्या २५ पिस्तुलांवर होता. आपल्या गंजक्या कट्ट्यांना तोच आकडा लावायचा कशाच्या जोरावर?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, प्रयोगशाळांवर आधीच कामाचा डोंगर आहे. मान्य. पण चार फोटो आणि एक तक्ता जोडायला लागणारा वेळ दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगशाळेकडे पार्सल पाठवण्यापेक्षा नक्कीच कमी. दुसरा, इतकं सगळं लिहिलं की आरोपीचा वकील त्यातच खोड काढेल. काढू दे की! खोड काढल्यावरही जो रिझल्ट टिकतो तोच खरा. प्रामाणिकपणे लिहिलेलं 'निश्चित सांगता येत नाही' हे नापास होणं नव्हे, तेही एक उत्तरच आहे.

आणखी दोन गोष्टी तर जवळजवळ फुकट आहेत. जप्तीच्या जागी 'चालतो का बघू' म्हणत चाप ओढायचा नाही, आणि हत्यार ओल्या फडक्यात न गुंडाळता कोरडं, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद करायचं. नाशिकच्या पावसाळ्यात उघड्या लोखंडाचं काय होतं ते आपल्या वर्कशॉपमध्ये दिसतंच. शिवाय दुसऱ्या तज्ज्ञाने पहिल्याचं उत्तर न बघता तपासणी करावी. शेजारच्याचं जर्नल समोर ठेवून घेतलेलं रीडिंग किती स्वतंत्र असतं, हे हॉस्टेलवाल्यांना मी काय सांगणार!

नाशिकलाही प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. आपल्यातल्या मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरांनी फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी तिसऱ्यांदा सोलर कुकर करण्यापेक्षा दुरून चाप ओढणारा सुरक्षित शिकंजा किंवा ठशांचे फोटो एकाच उजेडात, एकाच कोनातून घेणारी साधी व्यवस्था करून पाहावी. सरांनीही असे विषय यादीत घालावेत. आपण तीन रीडिंग घेऊन सरासरी काढायला शिकतो ती पाच मार्कांसाठी. तीच शिस्त त्या टेबलावर पाळली गेली नाही, तर त्याची किंमत कुणीतरी वर्षानुवर्षं मोजत राहतो.