आणखी दोन किलो

सत्तावन्नाव्या वर्षी माणसाने समुद्राच्या तळाशी जाऊ नये, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. माझं मत निराळं आहे. खुशाल जावं, फक्त दुसऱ्याने अंदाजपंचे ठरवलेलं शिसं कमरेला बांधून जाऊ नये. त्या शिशाविरुद्धच माझी आजची फिर्याद आहे.

स्कूबा मी पुण्याच्या पोहण्याच्या तलावात शिकलो. तिथे चार किलोंत माझं छान भागत होतं. पुढे मालवणला होडीत बसलो. आता समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा शेकडा अडीच जड. मी अधिक सगळा सरंजाम मिळून शंभर किलो; म्हणजे अडीच किलो शिसं जास्त लागणार, हा हिशेब आर्किमिडीजलाही मान्य झाला असता. पट्ट्यात साडेसहा किलो चढले. इथवर तक्रार नाही.

पण पाण्यात उतरलो आणि बुडेचना! कारण उघड होतं. भीतीने मी छाती टम्म फुगवून बसलो होतो, आणि छातीत लिटरभर हवा जास्त असली की किलोभर उचल मिळते. यावर उपाय एकच, तोही फुकटचा : "काका, श्वास सोडा" असं सांगणं. आमच्या शिक्षकाने काय सांगावं? "घाबरू नकात काकानू, आणखी दोन किलो लावूया." तरी बुडेना, तेव्हा आणखी दोन!

साडेदहा किलोंनिशी मी जो निघालो तो थेट पाट्यावरच्या वरवंट्यासारखा. घाबरून अंगातल्या जाकिटात हवा भरली, तर वर निघालो. वर निघालो की दाब कमी होतो, जाकिटातली हवा फुगते, आणि माणूस आणखी जोरात वर जातो. हवा सोडली, पुन्हा खाली. मी बँकेत तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा प्रकार मला ताबडतोब ओळखू आला. हे कर्ज फेडायला काढलेलं दुसरं कर्ज! शिसं बिचारं असतं तेवढंच राहतं; ते झाकण्यासाठी भरलेली हवा मात्र दहा मीटरवर निम्मी होते आणि वर येताना दुप्पट.

अशाच एका फेरीत माझे दोन्ही गुडघे एका पोवळ्यावर टेकले. कट्‌ असा आवाज आला. तळहाताएवढा तुकडा होता. तसलं गोल, थोराड पोवळं वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्यानंतरचं कितीतरी वर्षांचं काम मी एका गुडघ्यात निकालात काढलं. होडीत यावर कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

"जास्त वजन म्हणजे सुरक्षित," असं म्हणतात. कोणासाठी? घाईतल्या होडीवाल्यासाठी असेल. भरधाव वर येणाऱ्या माणसाची फुप्फुसं फाटू शकतात, म्हणून तर श्वास कधी रोखू नये हा या विद्येचा पहिला नियम.

खरी चाचणी पाच मिनिटांची आहे. जाकीट रिकामं करा, नेहमीचा श्वास घ्या, हातपाय न हलवता उभे राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं आणि श्वास सोडताच डोकं खाली गेलं, की वजन बरोबर. बारा लिटरच्या भरलेल्या नळकांड्यात जवळजवळ तीन किलो हवा असते. बुडीच्या शेवटी ती बरीचशी संपून आपण हलके होतो; तेव्हा भरल्या नळकांड्यावर चाचणी केली तर त्यापोटी दोनेक किलो वाढवा. (हे दोन किलो मला मान्य आहेत. फिर्यादीलाही न्यायबुद्धी हवीच.) पुढचं सगळं काम श्वासाचं. खडक समोर आल्यावर नव्हे, त्याच्या थोडं आधीच सावकाश श्वास घ्यायचा, कारण शरीर ते मागाहून ऐकतं. आमच्या घरात मी ऐकतो तसं.

परवा पुन्हा मालवणला गेलो. हट्टाने चाचणी करवली. साडेसहाच! परतताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, तिथे मी दोरीला हात न लावता थांबलो. एक लहान चट्टेरी मासा माझ्या चष्म्यात डोकावून गेला. वर आल्यावर शिक्षकाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, माझे नाकारलेले ठोकळे पेटीतून उचलले आणि शेजारच्या नवख्या मुलाकडे वळला.

"तुमका आणखी दोन किलो लावूया," तो म्हणाला.