दोन फड, एक उचल : कांताबाई सातारकर यांच्याकडे फडमालकीण म्हणून पाहताना

१/ बीड जिल्ह्यात ‘फड’ हा शब्द दोन अर्थांनी ऐकू येतो. एक उसाचा फड, दुसरा तमाशाचा. दसऱ्याच्या आगेमागे दोन्ही फडांची माणसे घर सोडतात. दोन्हीकडे हंगामापूर्वी आगाऊ रक्कम घेतली जाते आणि तिला ‘उचल’च म्हणतात. तरीही पहिल्या फडाचा विचार आपण श्रमाच्या इतिहासात करतो आणि दुसऱ्याचा केवळ कलेच्या इतिहासात. ही विभागणी मला चुकीची वाटते. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ उदाहरण घेऊ कांताबाई सातारकर यांचे. जन्म १९३९, गुजरातमधील डभोई येथे, दगडाच्या खाणीवर राबणाऱ्या कुटुंबात. पुढे कुटुंब साताऱ्यास आले आणि गावाचे नाव त्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले. लहानपणीच पायांत चाळ बांधून त्या रंगमंचावर आल्या. त्यानंतर मुंबई आणि मग तुकाराम खेडकर यांचा फड, असा त्यांचा प्रवास झाला.

३/ तुकाराम आणि कांताबाई ही जोडी वगांमुळे गाजली. कांताबाईंनी केवळ लावणी केली नाही. ऐतिहासिक वगात त्यांनी शिवाजी महाराजांची भूमिकाही केली. १९६४ मध्ये तुकाराम खेडकर यांचे निधन झाले. पदरी मुले होती आणि हक्काचा फड उरला नव्हता. पाच वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांनी स्वतःचा फड उभा केला.

४/ त्यांच्यावरील बहुतेक लेखनात हे शेवटचे वाक्य एका ओळीत संपते. माझ्या मते खरा इतिहास तेथूनच सुरू होतो. फड उभा करणे म्हणजे काय? नर्तकी, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, वगातील नट, तंबू ठोकणारे गडी, गाडीचे चालक आणि आचारी यांना एका हंगामासाठी बांधून घेणे. प्रत्येकाला आधी उचल द्यावी लागते, आणि ती देण्यासाठी मालकालाच बहुधा कर्ज काढावे लागते.

५/ उत्पन्नाचे मार्ग दोन. पहिला सुपारीचा : गावाची जत्रा कमिटी ठरलेली रक्कम देते आणि गावकरी खेळ फुकट पाहतात. दुसरा तिकिटाचा : कनात लावून खेळ करायचा आणि गल्ल्यात जे पडेल ते आपले. सुपारीत रक्कम ठरलेली असते. तिकिटाच्या खेळात पाऊस, परीक्षा, शेजारच्या गावी आलेला दुसरा फड, सारी जोखीम मालकाची. जत्रांच्या सुपाऱ्या ठरवण्यासाठी नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. तो एक बाजारच आहे.

६/ या बाजारात फडाचे नाव हेच भांडवल. पुढील काळात कांताबाईंच्या फडाच्या फलकावर ‘रघुवीर खेडकरसह कांताबाई सातारकर’ असे नाव झळकले. सोंगाड्या म्हणून नावारूपास आलेले रघुवीर हे त्यांचे पुत्र. ‘सह’ हा लहानसा शब्द वारसा आणि भागीदारी दोन्ही सांगतो. दोन पिढ्यांचा प्रेक्षक एका तंबूत आणणारी ही व्यापारी दृष्टी होती. तिला तसेच म्हणायला आपण का कचरतो?

७/ तुलना करून पाहा. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे वैभव आणि कर्ज ही मराठी रंगभूमीची सर्वपरिचित कथा आहे. बालगंधर्वांच्या कर्जाबद्दल आपण हळहळतो, ते फेडण्याच्या धडपडीला त्याग म्हणतो. तमाशाच्या मालकिणीचे कर्ज मात्र ‘कलावंतांची दैना’ या सदरात जाते. एकाला संस्थाचालकाचा मान मिळतो, दुसरीला दया. हा भेद जात, लिंग आणि प्रेक्षकवर्ग यांतून आला आहे, गुणवत्तेतून नव्हे.

८/ शासनाची नजरही याहून वेगळी नव्हती. १९४८ मध्ये मुंबई सरकारने अश्लीलतेचे कारण देऊन तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती आली. चर्चा मुख्यतः शीलाची झाली. किती कुटुंबांची चूल या धंद्यावर पेटते, हा प्रश्न मागेच राहिला.

९/ आक्षेप येईल : मालकाचे कौतुक करताना उचलीत अडकलेल्या कलावंताचे काय? आक्षेप रास्त आहे. उचल माणसाला बांधते, हे बीडकरांना कोणी शिकवायला नको. परंतु मालकीणबाईंना केवळ ‘थोर कलावंत’ म्हणून गौरवले की हा व्यवहारच दृष्टीआड होतो. त्यांना मालक म्हणून वाचले तरच कोणी किती दिले, कोणी किती फेडले आणि नुकसान कोणी सोसले हे विचारता येते.

१०/ विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार प्रथम कांताबाईंना मिळाला. मान योग्यच होता. पण राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मानित झालेल्या विठाबाईंचे शेवटचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले, हेही विसरू नये. मार्च २०२० मध्ये ऐन जत्रांच्या तोंडावर टाळेबंदी आली आणि पुढचाही हंगाम बुडाला. त्याच काळात, २५ मे २०२१ रोजी, संगमनेर येथे करोनाने कांताबाईंचे निधन झाले.

११/ फडाचा इतिहास सुपारीच्या वह्यांत, उचलीच्या नोंदींत, परवान्यांत आणि जत्रा कमिटीच्या जमाखर्चात असतो. हे कागद कोणत्याही अभिलेखागारात आपोआप पोहोचत नाहीत. ते रद्दीत जातात. इतिहासाची आवड असलेल्या आपल्या पिढीने किल्ल्यांच्या वाटा धुंडाळल्या, मोडी शिकली. आता थोडे लक्ष याही कागदांकडे द्यावे.

१२/ तुमच्या गावच्या जत्रेची जुनी वही कोणाच्या घरी आहे, ते या सुट्टीत विचारा. फडाचे नाव, वर्ष, सुपारीची रक्कम एवढे जरी सापडले, तरी पान जसे आहे तसे टिपून ठेवा आणि गावाचे नाव लिहायला विसरू नका. अशी शंभर पाने जमली, तर कांताबाईंच्या चरित्रातील ती एक ओळ एका प्रकरणाएवढी होईल.