अनेक हातांचें गणित

यंदा महालक्ष्म्यांस आम्ही डोणगांवीं घरीं गेलों होतों. पुतणी पुण्यास संगणकशास्त्र शिकते. सणांतही तिचें काम चालूच. हल्लीं साध्या संगणकांतही चार-आठ प्रोसेसर एकत्र नांदतात. एकच काम त्या सर्वांस वांटून कसें द्यावें, हें ती शिकत होती. आम्ही म्हणालों, "त्यांत शिकावयाचें काय? आठांनीं केलें कीं काम आठपट लवकर!" ती हंसून म्हणाली, "काका, स्वयंपाकघरांत डोकावून या."

तेथें पांच सुगरणी, पण पुरणयंत्र एकच. चौघी हात बांधून उभ्या! अमेरिकेंतील जीन ॲमडाल यांनीं १९६७ सालीं हेंच मांडलें. कामाचा दहावा भाग एकामागून एकच करण्यासारखा असेल, तर हजार हात लावले तरी काम दहापटीहून अधिक वेगानें होत नाहीं.

पुढें पंगतींत आमटी खारट लागली व बोल धाकट्या सुनेस बसला. पुतणीनें चौकशी केली. थोरलीनें आमटी चाखली, ती आळणी. ती मीठ आणावयास वळते तोंच धाकटीनेंही चाखली, तीही आळणीच. मीठ दोघींनीं घातलें. यंत्रांतही असेंच होतें. दोन प्रोसेसरांस एकच जागा रिकामी दिसते व दोघेही ती भरतात. शंभर वेळां काम बिनचूक होतें, एखादे वेळींच बिघडतें. म्हणून ही चूक सांपडत नाहीं. उपाय हा कीं चाखणारीनें मीठ घालीपर्यंत डाव सोडूं नये. पण असे निर्बंध वाढले, तर एकीच्या हातीं पोळपाट, दुसरीच्या हातीं लाटणें, आणि दोघीही वाट पाहत बसणार!

ही विद्या आपणांस परकी नाहीं. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकनें १९९१ सालीं 'परम ८०००' उभा केला. त्या कार्याचे धुरीण डॉ. विजय भटकर आपल्या वऱ्हाडांतलेच, अकोला जिल्ह्यांतील मुरंब्याचे. त्यांत ट्रान्सप्यूटर नांवाचे अनेक लहान प्रोसेसर जोडलेले होते. प्रत्येकाची स्मृति स्वतंत्र, व्यवहार निरोपांनीं. म्हणजे सामाईक पातेलेंच नाहीं. मात्र निरोप्याच्या खेपांत वेळ जातो, तो वेगळाच.

सायंकाळीं थोरली धाकटीजवळ जाऊन हळूच म्हणाली, "अग, मीठ मींही घातलें होतें." पुतणीच्या यंत्रांतले दोघे मात्र रात्रीं अकरापर्यंत एकमेकांची वाट पाहतच होते.