चहा-बिस्किटावर वाढलेल्या पोराकडून

परवा एक रील पाहिली. आहारतज्ज्ञ ताईंनी पाच वाट्या मांडल्या होत्या आणि त्या हसत हसत सांगत होत्या, "मुलांना पाकिटाची सवय आईच लावते." खाली बदामांचा पाऊस.

माझी आई पुण्यात चार घरी पोळ्या-भाजी करायची. पहाटे साडेपाचला निघायची. पहिल्या घरच्या मुलाला डब्यात मेथीचे पराठे, दुसऱ्याकडे मुगाची धिरडी. त्याच वेळी मी नि धाकटी शेजारच्या आजींकडे चहात बिस्किट बुडवत बसलेलो. तुटून तळाला गेलं की चमच्याने काढायचं. नाश्ता तोच, खेळही तोच.

आईला काय चांगलं ते कळत नव्हतं? नाचणीचं सत्त्व कसं काढायचं, हे त्या चारही घरच्या बायका तिलाच विचारायच्या. तिच्याकडे नव्हता तो सकाळचा तास. घरात शेगडी एक, आणि नळाला पाणी सातला, म्हणजे ती गेल्यावर. (रीलमधल्या त्या पाच वाट्या कुणी घासल्या, हे ताईंनी सांगितलं नाही.)

लहान पोराचं पोटच एवढंसं. त्याला दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं भरवावं लागतं. दीड वर्षाचं पोर वाटीभर खिमट संपवायला अर्धा तास घेतं, त्यातलं निम्मं अंगावर सांडतं. बिस्किट ते स्वतःच्या हातानं खातं. ते नासत नाही, गरम करावं लागत नाही, रडणंही थांबतं. आठ वर्षांची ताईसुद्धा देऊ शकते. पाच रुपयांत एवढी सोय दुसरं कोण देतं?

अंगणवाड्या 1975 पासून आहेत, पण त्या चालतात काही तास. आईचं काम त्याहून लांब. पुढे शाळेत म्हणाल, तर आपल्या राज्याने 2023 च्या अखेरीस पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी काढून घेतला. लोकसहभागातून द्या म्हणे! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या 35 मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. एवढ्या सगळ्या आया एकदम बेफिकीर निघाल्या का?

सवय लागते, हे मला मान्य आहे. आजही चार वाजले की माझा हात पुड्याकडेच जातो. पण सवय लागायला आधी काहीतरी रोज मिळावं लागतं, आणि आम्हाला रोज मिळेल असं तेवढंच होतं.

आता आईने कामं सोडलीत. बहिणीच्या मुलाला ती मांडीवर घेऊन खिमट भरवते, चिऊ-काऊ दाखवत, चांगला अर्धा तास. बाई तीच. मागच्या रविवारी मी बघत उभा होतो, तर मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला असं कधी भरवलंच नाही रे."